एक ओळ जास्त

साखर पेठेतल्या पतपेढीत भर मे महिन्यात
जुना संगणक काढायचं ठरलं.
त्याच्या कुशीचं झाकण उघडून कोडम मास्तरांनी
टेबलफॅन लावलेला, सत्त्याण्णव सालापासून,
फॅनवर ओला टॉवेल. टॉवेल गावचाच,
दुसऱ्या प्रतीचा, काठाला एक धागा सुटलेला.

फॅन थांबला की संगणक थांबतो.
म्हणून मी आधी कशालाच हात लावला नाही.

नव्याला जुन्याची फ्लॉपी तोंडात घेता येईना,
जुन्याला नव्याची केबल दिसेना.
शेवटी भंगारातून तिसरं एक मशीन आणून मधे बसवलं,
सोयरिकीत बसवतात तसं,
दोन्हीकडचं थोडं थोडं कळणारं,
दोन्हीकडून शिव्या खाणारं.

पहिल्या खेपेला नावं आली
रफार एक घर चुकवून:
दुर्गमचे दुगर्म, कर्लीची कलीर्.
मी तक्ता मांडला, या खुणेचं हे अक्षर, त्या खुणेचं ते.
मास्तर शेजारी बसून ताळा घेत होते,
तोंडाने तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
पेन्सिलीने मराठी आकड्यांत.
दोन्हींत काही सांडत नव्हतं.
‘याला म्हणतात काय?’
मायग्रेशन, मी म्हटलं.
‘म्हणजे आमचा आजा करीमनगरहून चालत आला, ते?’

दुसऱ्या खेपेला तारखा.
वर्षाला तेव्हा दोनच घरं दिलेली.
एक्केचाळीसची अंबुबाई येमूल
दोन हजार एक्केचाळीसला जन्मायची झाली
आणि तिच्या नावावर मुदत ठेव.
ती बाहेर बाकावर पासबुकाने वारा घेत होती.
‘व्याज मिळंल न्हवं?’ एवढंच विचारलं तिने.
जन्मतारीख सगळ्यांचीच एक जून.
ज्याला माहीत नाही त्याला मास्तरांनी ती देऊन टाकली होती,
पावसाआधीची, लक्षात राहील अशी.

डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी.
चटणीचं बोट कीबोर्डला लागू नये म्हणून
मास्तर उजव्या हाताने जेवले, डाव्याने पान उलटलं.

रात्री मोजदाद.
जुन्या पडद्यावर चार हजार आठशे अकरा.
माझ्याकडे चार हजार आठशे बारा.
कमी भरलं असतं तर शोधलं असतं.
जास्त कुठून येतं?

साडेदहाला वीज गेली. मागल्या गल्लीतले माग थांबले
तेव्हा कळलं, दिवसभर ते चालू होते.

मोबाईलच्या उजेडात कागदावरून उतरत गेलो.
सापडली. मल्लेश दुर्गम, वार्पर, कर्ज अकराशे चाळीस.
ओळीच्या सुरुवातीला एक फुली.
जुन्या मशीनची रीत अशी:
खोडायला सांगितलं की फुली मारायची,
पडद्यावरून लपवायचं, जागेवरून हलवायचं नाही.
खरंच घालवायचं तर वेगळा हुकूम लागतो.
सव्वीस वर्षांत तो हुकूम कुणी दिला नव्हता.

मास्तरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.
‘भिवंडीला गेला. संचालकांनी सांगितलं, नाव काढा.
काढलं.’
मग बऱ्याच वेळाने,
‘येतो म्हणाला होता.’

नव्या मशीनमध्ये असलं काही नाही.
तिथे माणूस असतो किंवा नसतो.
मी एक रकाना वाढवला, टोपीवजा, अर्ध्या इंचाचा.
त्याला काय नाव द्यावं सुचेना,
मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले
राहू दे कोरं, ऑडिटवाले विचारतील तेव्हा बघू.

वीज आली. फॅन आपोआप फिरू लागला,
ज्याच्यावर फिरायचा ते मशीन बंद होतं.
टॉवेल वाळून कडक झालेला.
मास्तरांनी उठून तो पुन्हा भिजवला.